मुलाचा विश्वास आणि आईबापांचे घर

लेकराच्या एका प्रार्थनेने सारे घर प्रभूकडे वळल्याच्या गोष्टी आपण आवडीने वाचतो. पण पंचवटीतील एखाद्या मुलाचा विचार करा. रामकुंडावरील श्राद्ध, काळारामाचे दर्शन, आजीचे उपास, ह्यांतच त्याचे घर गुंफलेले. 'मी येशूला मानतो,' असे त्याने म्हणताच आईस मूल हरवल्यासारखे वाटते. मग त्याने घर सोडावे काय?

हा प्रश्न नवा नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रि ह्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, सुमारे बारा वर्षांचा, मिशनऱ्यांजवळ राहिला. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. पुढे त्यास जातीत परत घ्यावे की नाही ह्यावर ब्राह्मणांत मोठा वाद माजला, व बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले. त्या बापास दोष देणे सोपे आहे. आमच्याने ते होत नाही. एवढ्याशा मुलास घरापासून तोडून राखलेला विश्वास त्या घरास काय देणार?

अविश्वासी घरात विश्वासू मूल कसे राहते, हे नामानाच्या घरी पाहावे. तेथील इस्राएली मुलगी तर लुटीत धरून आणलेली. तिने कोणाशी वाद घातल्याचे शास्त्रात नाही. धनी कोडी होता, त्याचे तिला वाईट वाटले. आणि शोमरोनात एक संदेष्टा आहे, एवढेच तिने धनिणीस सांगितले.