संमतीवांचूनचा उपकार

ज्याच्यावर उपकार करावयाचा त्याची संमति अगोदर घ्यावी कीं नाहीं, हा नीतिशास्त्रांतील जुनाच वाद आहे. परंतु तो जेव्हां घरोघरच्या नळांतून वाहूं लागतो, तेव्हां त्यास निराळेंच गांभीर्य येतें. १९४५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील ग्रँड रॅपिड्स शहरानें दांतांची कीड थांबविण्याच्या हेतूनें आपल्या पाण्यांत दशलक्ष भागांस एक भाग या प्रमाणांत फ्लोराइड मिसळण्यास आरंभ केला. असें करणारें जगांतील तें पहिलें शहर होय. तुलनेसाठीं मस्कीगन शहराचें पाणी जसेंच्या तसें ठेविलें होतें. पुढें ग्रँड रॅपिड्समध्यें या प्रयोगानंतर जन्मलेल्या मुलांत कीड साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचें आढळलें.

यामागील कारण थोडक्यांत असें: तोंडांतील जंतु साखरेपासून आम्ल बनवितात आणि त्या आम्लानें दांतांच्या कवचांतील क्षार विरघळतात. फ्लोराइडचा सूक्ष्म अंश दांतांस सतत लागत राहिला म्हणजे हे क्षार पुनः बसण्यास साह्य होतें.

आक्षेपकांचें म्हणणें असें कीं, क्लोरीन घालावयाचें तें पाणी शुद्ध करण्यासाठीं. फ्लोराइड घालावयाचें तें पिणाऱ्याच्या देहासाठीं. वैद्य रोगी पाहून मात्रा ठरवितो. येथें तान्ह्या मुलास आणि दिवसभर उन्हांत राबून तांब्यामागून तांब्या रिचविणाऱ्या मजुरास औषध मिळतें तें एकाच नळांतून. हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाहीं. अतिमात्रेचें फळ काय, हें आमच्या देशास कोणी शिकवावयास नको. तेलंगणांतील नलगोंडा जिल्ह्यांत भूगर्भांतूनच पाण्यांत उतरलेल्या फ्लोराइडनें माणसांचे दांत डागाळले, हाडें वांकलीं. तें काढून टाकण्याची तुरटीची व चुन्याची जी रीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें बसविली, ती नलगोंडा पद्धति म्हणूनच ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनें घालून दिलेली मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे हित आणि अहित यांमधील अंतर फार मोठें नाहीं.

तथापि वादाची दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. संमति ग्रँड रॅपिड्सच्या मुलांची घेतली नव्हती, हें खरें. पण मस्कीगनच्या मुलांची तरी कोणी घेतली होती? त्यांचे दांत तुलनेसाठीं किडूं दिले गेले. अखेर १९५१ मध्यें मस्कीगननेंहि फ्लोराइड घेतलें आणि तुलना अपुरी राहिली. शास्त्राची यांत हानि झाली असेल, नीतीची झाली नाहीं. देण्याप्रमाणें न देणें हीहि एक कृति आहे व तिचाहि जाब द्यावा लागतो.

मग निर्णय कशावर करावा? आमच्या मतें, संमतीवांचूनचा उपकार दोनच अटींवर क्षम्य ठरतो: ज्यास मागतां येत नाहीं त्याची गरज खरी असावी, आणि ती भागविण्याचा अधिक सौम्य मार्ग नसावा. या अटी काळाबरोबर बदलतात. फ्लोराइडयुक्त दंतमंजन घरोघर पोंचल्यावर पाण्यापासून होणारा लाभ पूर्वीइतका उरला नाहीं. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरानें १९६२ पासून चालविलेली ही प्रथा २००३ मध्यें सोडली. त्या देशांत फ्लोराइडयुक्त मीठ मिळतें आणि तें घ्यावें कीं न घ्यावें, हें गिऱ्हाइकाच्या हातीं राहतें. उलट कॅनडांतील कॅलगरीनें २०११ मध्यें ही प्रथा बंद केली, मुलांचे दांत बिघडलेले पाहिले आणि २०२५ मध्यें ती पुनः सुरू केली.

या दोन शहरांपैकीं एक शहाणें व दुसरें मूर्ख, असें आम्ही म्हणणार नाहीं. दोघांनींहि आपला हिशेब पुनः उघडून पाहिला, हीच गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. दुसऱ्याच्या घागरींत न विचारतां कांहीं टाकणाऱ्यानें हा हिशेब दर पिढीस नव्यानें दिला पाहिजे. आणि दंतमंजन विकत घेण्याची ज्याच्या घरीं ऐपत नाहीं, त्या मुलाचें नांव त्यांत सर्वांत वर असलें पाहिजे.