न उगवलेल्या दातांची साक्ष

वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठात प्राचीन इजिप्तची, कापडात गुंडाळलेली मांजराची ममी आहे. कापड सोडलं तर ममीची नासधूस होते. म्हणून संशोधकांनी ती न उलगडता मायक्रो-सीटी यंत्रात ठेवली. वस्तूचे सगळ्या बाजूंनी एक्स-रे घ्यायचे आणि संगणकावर त्यांतून घनाकृती उभी करायची, अशी ही पद्धत. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनच्या सुमारे १०० पट बारीक. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जबड्याच्या हाडात अजून न उगवलेले दात दिसत होते. पिल्लू पाच महिन्यांचंही नव्हतं. मानेचे मणके सुटलेले होते. बहुधा गळा आवळला असावा, किंवा डोकं ताठ बसवताना मान मोडली असावी.

हे नवसाचं पिल्लू.

यात्रेकरू अशी ममी घेऊन देवाला वाहत. एकट्या इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या, अनुबिस देवाच्या भुयारांत सुमारे ८० लाख प्राणी, मुख्यतः कुत्रे, असावेत असा अंदाज आहे. एवढे प्राणी सापडत नाहीत, ते पैदास करूनच मिळतात.

स्वान्सीच्याच अभ्यासात एक कोवळा नाग होता. त्याची मूत्रपिंडं पाण्यावाचून खराब झाली होती, आणि बहुधा शेपटी धरून आपटून त्याला मारलं होतं. त्याच्या उघड्या तोंडात मात्र विधीच्या खुणा सापडल्या. मृताला पुन्हा बोलता, श्वास घेता यावा म्हणून इजिप्तमध्ये ‘मुख उघडण्याचा’ संस्कार करत. तोच इथेही झाला असावा, असं संशोधकांना वाटतं. ज्याला तहानलेलं ठेवलं, त्यालाच देवापुढे वाचा दिली. हे ढोंग म्हणून सोडून देता येत नाही. श्रद्धा खरी होती, म्हणूनच प्रश्न अवघड होतो.

मँचेस्टरच्या संशोधकांनी ८०० हून अधिक प्राणी-ममी तपासल्या. त्यांतल्या जवळपास एकतृतीयांशात प्राण्याची हाडंच नव्हती. चिखल, काटक्या, बोरू, अंड्यांची टरफलं, पिसं, एवढंच. ही फसवणूक नव्हती, असं त्यांचं मत आहे: प्राण्याच्या सहवासातली वस्तूही पवित्रच मानली जाई. हे पटण्यासारखं आहे. गाठोडं वाहणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नव्हतं, आणि त्याच्या प्रार्थनेत त्यामुळे काही उणं राहिलं असं म्हणवत नाही.

पण मग पिसांनी देवापर्यंत पोचता येत होतं, तर पिल्लाला मारायची गरज कुठे होती? यात्रेकरूला हा प्रश्न विचारून उपयोग नाही. गाठोडी बांधणाऱ्यांना मात्र विचारायलाच हवा, कारण पिसं पुरतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी पिल्लं पाळली.