पाट आणि पाणी

कीथ जॅरेट या अमेरिकन पियानोवादकाने १९७३ साली जर्मनीतील ब्रेमेन व स्वित्झर्लंडमधील लोझान येथे एकट्याने केलेल्या वादनाचा तीन ध्वनिमुद्रिकांचा संच प्रसिद्ध आहे. त्यासोबत त्याने स्वतः लिहिलेले एक छोटेसे टिपण छापलेले आहे. आपण काही निर्माण करू शकतो असे आपल्याला वाटत नाही, निर्मितीचा ओघ आपल्यातून वाहू शकतो एवढेच. आपला निर्माणकर्त्यावर विश्वास आहे आणि म्हणून ही कृती खरे पाहता त्याचीच आहे, असा त्या टिपणाचा आशय आहे.

ख्रिस्ती वाचकाला हे वाचून आनंद होईल. मलाही झाला होता. परंतु पुढे अनेक वर्षे त्याचे वादन ऐकत असता एक प्रश्न मनात रुतून बसला. आपण केवळ पाट आहोत, पाणी दुसऱ्याचे आहे, असे मनापासून मानणारा मनुष्य तेवढ्याने नम्र होतो काय?

जॅरेटच्या एकल मैफलींची रीत अशी, की तो काहीही ठरवून येत नसे. रागसंगीत ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना उपज ठाऊक आहे. पण आपल्या गवयापाशी निदान राग असतो, बंदिश असते. जॅरेट रिकाम्या हाताने बसे. २४ जानेवारी १९७५ रोजी जर्मनीतील कोलोन शहराच्या ऑपेरागृहात वेरा ब्रांडेस नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीने त्याची मैफल ठरविली होती. ऑपेराचा प्रयोग आटोपल्यावर, रात्री साडेअकराच्या सुमारास वादन सुरू व्हायचे होते. तेथे त्याच्यासमोर आला तो भलताच लहान पियानो: वरचे स्वर कर्कश, खर्ज अशक्त, पेडल नीट न चालणारे. जॅरेटची पाठ दुखत होती, झोप झालेली नव्हती, आणि वाजविण्यास तो नकार देऊन बसला होता. अखेर त्या मुलीच्या विनवणीवरून तो वाजवायला बसला. वरचे स्वर बरे नाहीत म्हणून तो मधल्या सप्तकांत राहिला; खर्जाला जोर नाही म्हणून डाव्या हाताने त्याच त्या आकृती पुन्हा पुन्हा घोळवीत राहिला. त्या तासाभराच्या वादनाची मुद्रिका जगभर लाखोंनी खपली. वाद्यातली खोट वादनाचे अंग होऊन गेली.

खोटा पियानो ज्याने असा पदरात घेतला, त्याला श्रोत्यांचा खोकला मात्र सहन होत नसे. मैफल थांबवून त्याने लोकांना खडसावल्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. २००७ साली इटलीतील पेरूजाच्या महोत्सवात छायाचित्रांवरून त्याने व्यासपीठावरूनच श्रोत्यांना अपशब्द वापरले. त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्याच्यापाशी आधी लिहिलेले काही नाही, त्याला शांतता हाच कागद. त्यावर डाग पडला तर तेच वाक्य पुन्हा लिहिता येत नाही. (वाजविताना तो स्वतः मात्र मोठ्याने कण्हत, गुणगुणत असतो आणि ते मुद्रिकेवर स्पष्ट ऐकू येते, ही गोष्ट अलाहिदा.)

तथापि मला वाटते, या रागाचे मूळ त्या टिपणातच आहे. जो म्हणतो, ‘हे माझे आहे’, त्याचा अपमान झाला तर अपमान एका माणसाचा होतो. जो म्हणतो, ‘हे माझे नव्हे, वरून आलेले आहे’, त्याच्या कामात कोणी व्यत्यय आणला तर व्यत्यय आणणारा थेट पवित्र गोष्टीचा अपराधी ठरतो. रागावण्याचा केवढा मोठा परवाना हा! आणि तो नम्रतेच्याच सहीने मिळालेला.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी लूकच्या सोळाव्या अध्यायाचा आमचा कच्चा मसुदा आम्ही एका खेड्यात वाचून दाखवीत होतो. अन्यायी कारभाऱ्याचा दाखला चालू असता एक वृद्ध बाई पुन्हा पुन्हा मध्येच विचारू लागल्या, “मंग त्याची बायकू कुठं हाय?” दोन वेळा मी दुर्लक्ष केले. तिसऱ्या वेळी म्हणालो, “आजी, मध्ये बोलू नये. देवाचं वचन चाललं आहे.” त्या गप्प झाल्या. रात्री जेवताना एका सहकाऱ्याने हसत सांगितले, की त्या गावात बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. श्रीमंत माणसाचा कारभारी म्हणजे कोण, हे त्या बिचारीला उलगडत नव्हते. चूक माझ्या शब्दनिवडीत होती आणि ती दाखविणारा एकच आवाज मी देवाच्या नावाने बंद केला होता. मसुद्यात आम्ही ‘दिवाणजी’ असा बदल केला. दुसऱ्या दिवशीच्या वाचनाला त्या आल्या नाहीत.

म्हणूनच एकल वादनापेक्षा जॅरेटची त्रयी मला अधिक शिकवून जाते. १९८३ पासून २०१४ पर्यंत, सुमारे तीस वर्षे, डबल बेसवर गॅरी पीकॉक आणि ड्रम्सवर जॅक डिजॉनेट यांच्यासह तो मुख्यतः जुनी अमेरिकन गाणी वाजवीत आला: रंगभूमीवरची, चित्रपटांतली, दुसऱ्यांनी रचलेली. ही माणसे भाषांतरकाराच्या जातीची वाटतात. चाल दुसऱ्याची, तिला मोडायचे नाही आणि तिची नक्कलही करायची नाही. येथे ओघ एकाच पाटातून येत नाही. बेसवाला वेगळ्या वाटेने निघाला तर पियानोला त्याच्या मागे जावे लागते. त्रयीनेही सर्व काही साधले असे मी म्हणणार नाही. पेरूजाच्या त्या संध्याकाळी हेच दोघे त्याच्याबरोबर होते.

१९९६ साली दीर्घ थकव्याच्या विकाराने तो अंथरुणाला खिळला. नंतर बळ येईल तसे थोडे थोडे, घरच्याच पियानोवर, काही जुनी गाणी त्याने पत्नीला नाताळची भेट म्हणून वाजवून मुद्रित केली. १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. तीत पल्लेदार करामत नाही, चाल जवळजवळ जशीच्या तशी आहे. आजाराने देवाने त्याला नमविले, असे प्रवचन येथे सहज रचता येईल. मी ते रचणार नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलेल्या प्रश्नाला प्रभूने कसे उत्तर दिले, हे आपण विसरता कामा नये.

२०१८ साली, फेब्रुवारीत आणि मे महिन्यात, जॅरेटला पक्षाघाताचे दोन झटके आले. २०२० मध्ये त्याने एका वृत्तपत्राला सांगितले, की आपण आता स्वतःला पियानोवादक समजत नाही. डाव्या हातात फार तर एखादा पेला धरता येईल, एवढीच आशा आहे. नंतरही तो कधीकधी पियानोपाशी बसला आणि एकट्या उजव्या हाताने वाजवू लागला. ते मी ऐकले. खर्ज नाही, त्या घोळणाऱ्या आकृती नाहीत. एकेरी चाल तेवढी पुढे सरकते, आणि जेथे डावा हात यायचा तेथे तो थोडा थांबतो.