बिनसहीचा जामीनदार

बावीस वर्षं बँकेत काढली की माणसाची नजर बिघडते. समोर देऊळ आलं तरी हात जोडण्याआधी मनात येतं, जागा कुणाच्या नावावर आहे? वरातीत सगळे नवरदेवाचा फेटा बघतात, मी घोडं भाड्याचं की घरचं ते बघतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे तत्त्वज्ञानाशी माझा संबंध ‘प्रत्येक नावेला कुठंतरी जमा असतेच’ या एका वाक्यापुरता आला. पण वाचकहो, एवढ्याशा भांडवलावर नीतिशास्त्रातला एक भला मोठा प्रश्न सोडवायला मी आज बसलो आहे. प्रश्न असा, की गाडीचा ब्रेक कुणाच्या मालकीचा?

तुम्ही म्हणाल, यात प्रश्न कसला? ज्याची गाडी त्याचा ब्रेक. आमच्या शाखेतल्या एका तरुण खातेदाराचंही हेच म्हणणं होतं.

आमच्या बीड जिल्ह्यात ‘गाडी’ हा शब्द उच्चारला की स्कॉर्पिओ समजायची. २००२ साली ती बाजारात आली आणि बघता बघता आमच्याकडच्या सोयरिकींत शिरली. पूर्वी मुलीचा बाप विचारी, विहिरीला पाणी किती? आता विचारतो, दारात काय उभं आहे? हल्ली थारही उभी असते, आणि कारखान्याचं राजकारण जमलं असेल तर फॉर्च्युनर. या तरुणाच्या दारात स्कॉर्पिओ होतीच. तिची ‘ताकद वाढवायला’ म्हणून त्याला वैयक्तिक कर्ज हवं होतं. कोटेशन त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. रुंद टायर, मोठी अलॉय चाकं, टपावर दिव्यांची पट्टी, गावाला झोपू न देणारा सायलेन्सर, तेवढ्याच जोराचे स्पीकर, आणि इंजिनाला जादा ओढ देणारी एक डबी.

“दादा, आणि ब्रेकचं काय?” मी सहज विचारलं.

“हाय की सायेब. शेवटच्या ओळीत बगा.”

शेवटच्या ओळीत होतं : कॅलिपर कव्हर, लाल, ४ नग.

मी चौकशी केली. डिस्कला दोन्ही अंगांनी चिमटा काढून चाक थांबवणारा जो जबडा असतो त्याला म्हणतात कॅलिपर. शर्यतीच्या आणि भारी गाड्यांचे कॅलिपर मोठे असतात, आणि पुष्कळदा लाल रंगवलेले. हे कव्हर म्हणजे त्यांचा मुखवटा. आत ब्रेक आहे तोच, बाहेर मात्र शर्यतीचा थाट. त्यातून याच्या गाडीला पुढे डिस्क होत्या, मागे साधे ड्रम. म्हणजे मागच्या दोन नगांच्या आत ज्याचं सोंग आणलं होतं तो इसमच हजर नव्हता. बँकेत याला बोगस खातं म्हणतात आणि त्यावर ऑडिटर येतो.

“अहो, पण एवढी ताकद वाढवल्यावर गाडी थांबणार कशी?”

“थांबायचं कशाला सायेब? लोक होतेत की बाजूला!”

साहेबांनी कर्ज मंजूर केलं. कागद चोख होते. दोन जामीनदार, दोघांच्या सह्या, दोघांचे फोटो. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून तिसरा जामीनदार घोळतो आहे.

आता थोडा हिशेब. गाडी वेगात असते म्हणजे तिने काहीतरी उचललेलं असतं. डिझेलची ऊर्जा तिने वेग म्हणून अंगावर घेतली आहे आणि थांबताना ती कुठंतरी भरावी लागणार आहे. म्हणजे वेग हे कर्ज झालं. ब्रेक म्हणजे वसुली खातं. डिस्कवर पॅड घासतात, वेगाची उष्णता होते आणि ती हवेत जमा होते. २ टनांची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर एवढी उष्णता निघते की तिच्यात दोन-सव्वादोन लिटर पाण्याला उकळी फुटेल. एका थांब्यात वीसेक कटिंग चहा! आणि या कर्जाची चाल विचित्र आहे. वेग दुप्पट केला की देणं दुप्पट होत नाही, चौपट होतं. तिप्पट केला की नऊपट. मी सावकारीच्या पुष्कळ कहाण्या ऐकल्या आहेत, पण वर्गाने व्याज लावणारा सावकार बालाघाटात अजून जन्मायचा आहे.

घाट आणखी लबाड. तो न मागता कर्ज देतो. मांजरसुंब्याहून बीडकडे उतरताना किंवा धारूरचा घाट उतरताना पायाने ॲक्सिलरेटरला स्पर्शही केला नाही तरी देणं वाढतच असतं. त्याच २ टनांच्या गाडीचं १०० मीटर उताराचं देणं म्हणजे शंभरच्या वेगावरून अडीच वेळा थांबल्याइतकं. हे सगळं एकट्या ब्रेकवर टाकलं की तो तापतो, पकड सुटत जाते, आणि हे कळतं नेमकं वळणावर. म्हणून जुने ड्रायव्हर घाट खालच्या गिअरमध्ये उतरतात. इंजिन स्वतः थोडं थोडं अडवत राहतं. याला आम्ही बँकवाले हप्त्याने परतफेड म्हणतो. न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणारा महाभाग म्हणजे सगळे हप्ते चुकवून ३१ मार्चला एकरकमी भरतो म्हणणारा खातेदार. असे खातेदार मी पाहिलेत. मार्च येतो, ते येत नाहीत.

ब्रेकचं हे शास्त्र मला बार्शी नाक्याजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींनी शिकवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझी स्कूटर त्यांच्याकडेच असते. (“तुमच्या स्कूटरला ब्रेक कशाला हवाय? ती आपली आपणच थांबते,” हे आमच्या सौ.चं मत. ते सोडून देऊ.) चाचांनी एकदा मला ब्रेक ऑइलची बाटली दाखवली.

“सायब, ह्ये तेल न्हाई. नावाला तेल. ह्ये हवेतलं पानी पितंय.”

खरंच पितं. बहुतेक ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून बनवलेलं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं असताना ‘डॉट ४’ दर्जाचं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलं की ती हमी १५५ वर येते. मग घाटात ते उकळतं, नळीत वाफ धरते आणि पाय पेडलवर पडतो तो उशीत पडल्यासारखा. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. गाडी पळो न पळो! वापर नसला तरी घसारा लागतो हे वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षाला शिकवतात, पण ते गाडीच्या टाकीखाली कुणी वाकून पाहत नाही.

पॅडची कथा त्याहून हृद्य. पॅड झिजतो, आणि झिजणं हेच त्याचं काम. घरातली आई आणि गाडीतला पॅड यांची आठवण संपत आल्यावरच होते. पुष्कळ पॅडांना एक छोटीशी पोलादी जीभ असते. पॅड पातळ झाला की ती डिस्कला घासून किंचाळते. सदसद्विवेकबुद्धी, सदसद्विवेकबुद्धी म्हणतात ती याहून वेगळी काय असणार? आणि माणूस तिच्याशी वागतो तसाच हिच्याशीही वागतो. चाचा म्हणाले, “आवाज आला की लोक टेपचा आवाज वाढवतेत.”

ताकद वाढवलेल्या गाडीचे ब्रेकही वाढवता येतात, नाही असं नाही. मोठ्या डिस्क, जास्त पिस्टनचे कॅलिपर, उष्णता सोसणारे पॅड, पोलादी जाळीच्या नळ्या. पण चाचांचा क्रम पक्का आहे. आधी जे आहे ते नीट करा : ऑइल, पॅड, डिस्कची जाडी, मागच्या ड्रममधले लायनर. मग चांगले टायर, कारण ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. जड, मोठी चाकं बसवलीत तर तोच जुना ब्रेक आणखी दमेल. नुसते पुढचेच ब्रेक वाढवलेत तर पुढच्या-मागच्याचा तोल बिघडेल. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर बेताने पुन्हा पुन्हा दाबून त्यांना डिस्कशी जुळू द्या. सोयरीक नवी आहे, लगेच घाटात नेऊ नका.

एवढं सगळं केलं, म्हणजे प्रश्न सुटला? नाही ना! इथंच खरी मेख आहे. म्युनिक शहरात १९८० च्या दशकात काही टॅक्सींना चाक जाम होऊ न देणारे नवे ब्रेक बसवले आणि काही तशाच ठेवल्या. अपघातांत म्हणावा तसा फरक पडला नाही. नव्या ब्रेकवाल्यांनी ती सगळी सोय जोरात हाकण्यात खर्च करून टाकली होती. मला याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. पत वाढली की माणूस कर्ज फेडत नाही, मोठं कर्ज काढतो. हे पाहण्यासाठी जर्मनीला जावं लागत नाही, आमच्या काउंटरवर यावं.

म्हणून मी मूळ प्रश्नाकडे येतो. ब्रेक कुणाचा? स्पीकर मालकाचे, दिवे मालकाचे, ती ओढ देणारी डबीही मालकाची. तिचं सुख त्यालाच. पण ब्रेकचा लाभ बऱ्याचदा अशा माणसाला होतो ज्याचं नाव आरसी बुकावर नाही.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोड निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत साखर कारखान्याच्या फडात राबायचं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत भांडी, पत्रे, शेळी, आणि वर गोधडीत झोपलेली पोरं. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, मागे दिवा नसतो. पहाटेच्या अंधारात घाटाच्या वळणावर ही वरात हळूहळू चाललेली असते आणि मागून कुणीतरी शंभरच्या वेगाने येतो. समोर काहीतरी आहे हे मेंदूला कळून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी २८ मीटर रस्ता संपतो. पुढे टायर नवे आणि डांबर कोरडं असलं तरी चाळीसेक मीटर लागतात. लाल कव्हराचा यात काडीचा उपयोग नाही.

बँकेत कर्जदार बुडाला की जामीनदाराला नोटीस जाते. पण निदान त्याची सही असते. चहा पिऊन, भिडेखातर का होईना, त्याने ती केलेली असते. गोधडीतल्या पोराची सही कुणी घेतली? त्याला हमालीचा आणा मिळाला नाही, वेगाचं वारं लागलं नाही. तरी त्या वेगाचा तोच जामीनदार. आईबापांनी उचल घेतली ती निदान मोजून घेतली होती. ही दुसरी उचल कुणी घेतली, किती घेतली, त्याला ठाऊकच नाही. ‘लोक होतेत की बाजूला’ या वाक्याचा बँकेच्या भाषेत अर्थ एवढाच.

रस्त्याला पद कळत नाही. ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत गेले, १४ ऑगस्ट २०२२ ला विनायक मेटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. दोन्ही वेळा रस्त्यावरचा अपघात, दोन्ही वेळा जिल्ह्याच्या चुली थंड राहिल्या. दोन्ही घटनांची तऱ्हा वेगळी, त्यांचा निवाडा करणारा मी कोण? एवढंच म्हणतो, की ज्या जिल्ह्याने हे पाहिलं आहे त्याला ‘रस्ता’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको होता.

तेव्हा माझा निकाल असा. ब्रेकवर जे पैसे घालायचे ते जरूर घाला, स्पीकरच्या आधी घाला. पण चांगला ब्रेक बसवला म्हणून मिळालेले ते चार-दहा मीटर स्वतःच्या खात्यातले समजू नका. ती मुदत ठेव आहे, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या नावाची. तुम्ही फक्त सांभाळणारे. ताशी दहा किलोमीटर वाढवून ती मोडून खायची नाही. माणसाच्या इतर संयमाचंही बहुधा असंच असावं. रागाला, जिभेला, अधिकाराला लावलेला ब्रेक स्वतःच्या मोठेपणासाठी नसतो. तो समोरच्याचा असतो, आपल्याकडे ठेवायला दिलेला.

कर्ज फिटलं की आम्ही बेबाकी दाखला देतो. जामीनदार तो वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि त्या रात्री निवांत झोपतो. रस्त्यावर अशी पद्धत नाही. गाडी घाट उतरते, दारात उभी राहते, डिस्क टिकटिक करत गार होतात आणि त्या दिवसाचं खातं निरंक होतं. मागे घाटात ट्रॉलीतलं पोर कूस बदलतं. आपण कुणाला जामीन होतो आणि आत्ताच सुटलो, हे त्याला कुणी सांगत नाही. सांगायची गरजही नाही. त्याची झोप मोडली नाही, एवढं पुरे आहे.