हजेरी आणि खाडे

रात्रीचा दीड वाजलेला असतो. कोथरूडमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अजून दिवे चालू असतात. आतल्या खोलीत घरातला मुलगा कानाला हेडफोन लावून न्यू जर्सीतल्या टीमशी बोलतोय. बाहेरच्या खोलीत पलंगावर त्याचे आजोबा, आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ब्यूरोकडून आलेल्या मावशी. दर दोन तासांनी आजोबांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ‘कूस बदलणे’ लिहायला सोपं आहे. करताना आधी गुडघा दुमडून घ्यायचा, एक हात खांद्याखाली आणि दुसरा कमरेखाली सरकवायचा, माणसाला दुखणार नाही अशा बेताने वळवायचं, पाठीला उशी लावायची, लघवीच्या पिशवीची नळी अंगाखाली दबली नाही ना ते बघायचं. शिवाय हे सगळं करताना बोलत राहायचं, कारण अंधारात अचानक कुणी हलवलं की म्हातारं माणूस दचकतं.

एका छपराखालच्या या दोन रात्रपाळ्या. मुलाच्या नावापुढे कंपनीच्या पडद्यावर हिरवा ठिपका आहे. तो कधी आला, किती वेळ बोलला, किती मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही, याचा हिशेब कुठल्यातरी सर्व्हरवर आपोआप साठतो आहे. मावशींचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी आहे. तिथे त्या आल्या त्या दिवसाची काहीच खूण नाही. आल्या नाहीत त्या दिवशी मात्र चौकोनात एक फुली आहे. मराठी घरांत त्या फुलीला ‘खाडा’ म्हणतात.

एकाची हजेरी लागते आणि दुसरीचे फक्त खाडे मांडले जातात. पुण्यासारख्या शहरात कामांची प्रतवारी लावायची झाली, तर पगार, पदवी, पांढरपेशेपणा या नेहमीच्या मोजपट्ट्या बाजूला ठेवून हीच पट्टी लावून बघण्यासारखी आहे. त्या कामाची नोंद होते का? आणि होत असेल, तर वही कुणाच्या हातात असते?

अंगाजवळचं काम, म्हणजे दुसऱ्याच्या देहाला हात लावून करायचं काम, आपल्याकडे दीर्घकाळ कामच मानलं गेलं नाही. घरात ते सुनेचं कर्तव्य होतं, घराबाहेर ते जातीने ठरलेलं होतं. बाळंतपण करणाऱ्या सुईणीशिवाय गावाचं चालत नसे आणि तरी तिच्या हातचं पाणी चालत नसे. पुण्याच्या इतिहासात या समजुतीला धक्का देणारं सर्वांत मोठं नाव सावित्रीबाई फुल्यांचं. 1848 साली भिडेवाड्यात त्यांनी मुलींना शिकवलं, हे सगळ्यांना पाठ असतं. 1897 च्या प्लेगमध्ये मात्र त्यांनी केलेलं काम शिकवण्याचं नव्हतं. त्यांच्या डॉक्टर मुलाने, यशवंताने, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता, आणि रोग्यांना तिथवर आणण्याचं काम सावित्रीबाई करत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, असं सांगितलं जातं. त्याच संसर्गाने 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

त्यानंतर बारा वर्षांनी, 1909 मध्ये, रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचर्येचं शिक्षण घ्यायला बायका पाठवल्या. त्यांत विधवा होत्या, पांढरपेशा घरांतल्या होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, ही कल्पनाच तेव्हाच्या पेठांना पचण्यासारखी नव्हती. सेवासदनाने त्या कामाला शिक्षण दिलं, परीक्षा दिली, प्रमाणपत्र दिलं. नर्सचं नाव ड्यूटीच्या तक्त्यावर आलं, आणि रोग्याचा ताप किती होता हे तिने लिहिलेलं डॉक्टरही वाचू लागला.

पण ही नोंद नर्सपाशी येऊन थांबली. तिच्या खालच्या पायरीवर रुग्णालयांत आजही ‘मावशी’ आणि ‘मामा’ आहेत. बेडपॅन देणारी मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा. नातं लावलं की हाक गोड होते. मात्र मावशीच्या मायेला भाचा कधी ओव्हरटाइम देत नाही. आणि घरी येणाऱ्या ब्यूरोच्या मावशींना तर मागे रुग्णालयही नसतं. त्या आणि घरमालक यांच्यामध्ये असतो तो कमिशन घेणारा ब्यूरो.

खाड्याचा प्रश्न या शहरात एकदा रस्त्यावर आला होता. 1980 मध्ये आजारपणामुळे कामावर न आलेल्या एका मोलकरणीला काढून टाकल्याचं निमित्त झालं आणि कर्वे रस्त्याच्या परिसरातल्या बायकांनी काम बंद केलं. ना कारखाना, ना गेट, ना भोंगा. विखुरलेल्या घरांत, एकेकट्या, वेगवेगळ्या मालकिणींकडे काम करणाऱ्या बायकांचा तो संप होता. त्यातून लाल निशाण पक्षाच्या साथीने पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागणं साधं होतं: महिन्याच्या हक्काच्या सुट्या, ठरलेला पगार आणि दिवाळीला बोनस. म्हणजे खाड्याला रजा म्हणा, एवढंच. पुढे 2008 मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

दुसरी गोष्ट याहून जास्त पुण्याची आहे, आणि तिचा धागा पुन्हा एका शिक्षणसंस्थेला जाऊन मिळतो. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये काढलेलं स्त्रियांचं विद्यापीठ पुढे एसएनडीटी झालं. त्याच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने कचरा वेचणाऱ्या बायकांना लिहा-वाचायला शिकवायला गेल्या. त्या बायकांशी बोलता बोलता लक्षात आलं की अक्षरओळखीआधी दुसरं काहीतरी हवं आहे. उकिरड्यावरून उचललेलं पोलिसाला चोरीचं वाटू नये, असा काहीतरी पुरावा. 1993 मध्ये डॉ. बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. पंचायतीने फोटोचं ओळखपत्र काढलं आणि महापालिकेने त्याला मान्यता दिली. भारतात असं करणारी पुणे ही पहिली महापालिका. 2008 मध्ये याच बायकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि उकिरडा वेचणारी बाई दारावर येऊन कचरा घेणारी झाली. काम कचऱ्याचंच राहिलं. फरक पडला तो तिला दरवाज्याची बेल वाजवता येऊ लागली यात.

आता तिच्या हातात ओला-सुका डब्यांसोबत लोकांना समजावण्याचंही काम आलं. सॅनिटरी नॅपकिन उघड्यावर टाकलेलं असेल तर ते तिच्या हाताला लागतं. यावर या बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकायला काढल्या, आणि 2013 मध्ये वापरलेली नॅपकिन्स उत्पादक कंपन्यांनाच परत पाठवण्याची मोहीम केली. ओळखपत्राने काम बदललं नसेल, पण कामाबद्दल तक्रार करण्याची जागा मिळाली.

याच्या उलट टोकाला सरकारी आरोग्ययोजनेत घरोघरी जाणाऱ्या आशाताई आहेत. त्यांच्याकडे वह्याच वह्या. गरोदर बाई, लसीकरण, कुष्ठरोग, क्षयरोग, सगळ्यांची नोंद त्या ठेवतात. त्यांच्या कामाचा एक महत्त्वाचा भाग महाराष्ट्रातच जन्माला आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं ‘लॅन्सेट’ने 1999 मध्ये छापलं. पुढे देशभरातल्या आशांना हे काम मिळालं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा भेटी, आणि त्या सगळ्या भेटींचे ठरवलेले मिळून 250 रुपये. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला. पण सरकारी कागदावर त्या ‘स्वयंसेविका’ आहेत आणि मिळतं ते ‘मानधन’. वेतन म्हटलं की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सगळं मागोमाग येतं. मान आणि धन एका शब्दात बांधले की दोन्ही थोडे थोडे देऊन भागतं.

लांबच्या कामाचं काय? घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणं ही लॅपटॉपने आणलेली नवलाई वाटते. पण पुण्याच्या पूर्व भागातल्या पेठांत, सोलापुरात, सिन्नर-संगमनेरात बायका पिढ्यान्‌पिढ्या घरून काम करत आल्या. सुपात पान आणि तंबाखू, मांडीवर पोर, आणि दिवसाला हजाराच्या हिशेबात विड्या. संध्याकाळी कारखानदाराकडे माल द्यायचा, तिथे काही विड्या नापास व्हायच्या. त्यांचे पैसे नाहीत, पण विड्या मात्र तिथेच राहायच्या. मालक म्हणे, ही आमची कामगारच नव्हे, घरी बसून करते, केव्हाही करते. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने हा युक्तिवाद मोडला. घरी वळणारीसुद्धा कामगार ठरली, तिला ओळखपत्र आणि हिशेबाचं पुस्तक मिळालं, पुढे भविष्य निर्वाह निधीही आला. ते पुस्तक तिच्या घरी, तिच्या ट्रंकेत राहायचं, हे महत्त्वाचं. भांडण झालं तर दाखवायला पुरावा तिच्यापाशी होता.

आजचा घरून काम करणारा तरुण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त कमावतो, आणि त्याचं पुस्तक त्याच्याकडे नाही. पुण्याने संगणकाचं काम लवकर ओळखलं. इन्फोसिस 1981 मध्ये इथेच सुरू झाली आणि मग बंगळुरूला गेली. सी-डॅक 1988 मध्ये आली, 1991 मध्ये तिने ‘परम’ महासंगणक दाखवला. 1990 मध्ये पर्सिस्टंट, मग हिंजवडी, मगरपट्टा, खराडी. कॉल सेंटर आली तेव्हा मराठी मुलांनी रात्रीपुरतं इंग्रजी नाव घेतलं आणि शिव्या देणाऱ्या ग्राहकाशीही आवाजात हसू ठेवून बोलायला शिकली. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींच्या कामाबद्दल लिहिताना या हसण्यालाही श्रम म्हटलं. त्या अर्थाने हेडफोन लावलेला मुलगा आणि अंधारात आजोबांशी बोलत कूस बदलणाऱ्या मावशी एकाच जातीचं काम करतात. मुलाच्या हसण्याला मात्र गुण मिळतात, मावशींचा मायाळूपणा ‘स्वभाव’ मानला जातो.

9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातले पहिले करोनारुग्ण पुण्यात सापडले आणि काही दिवसांत शहराची दोन भागांत विभागणी झाली: ज्यांचं काम घरी जाऊ शकतं ते आणि ज्यांचं जाऊ शकत नाही ते. नर्स, आशा, कचरा घेणाऱ्या बायका कामावर राहिल्या. मोलकरणींना सोसायट्यांच्या गेटवर अडवलं गेलं. त्या महिन्यांत अनेक घरांतल्या पुरुषांनी पहिल्यांदा मोजून पाहिलं की भांडी दिवसातून किती वेळा पडतात. तो धडा फार टिकला नसावा. 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला ते करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं देत होत्या, पुरुष 88. निदान आता सरकार ती मिनिटं लिहून तरी घेतं.

अंगाजवळचं आणि लांबचं काम, या दोन टोकांच्या मध्ये तिसरा कामगार वाढतो आहे. जेवणाचं पार्सल आणणारा, घरी येऊन केस कापणारी, अ‍ॅपवरून गाडी चालवणारा. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे 2020-21 मध्ये असे 77 लाख लोक होते आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील. त्याची मिनिटामिनिटाची नोंद होते, तरी तो कुणाचाच कामगार नाही. आणि अ‍ॅपने त्याचं खातं बंद केलं की नोंदीसकट तो नाहीसा होतो.

‘इतके मालक, मग जबाबदार कोण?’ या प्रश्नाचं उत्तर पुण्या-मुंबईच्या बाजारांनी फार पूर्वी शोधलं होतं. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची. बाबा आढावांनी 1955 मध्ये पुण्यात हमाल पंचायत उभारली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. युक्ती साधी: मालक कितीही असोत, मजुरी आणि वर लेव्ही एका मंडळात भरायची, मंडळ हमालाचं खातं ठेवणार, निधी, बोनस, रजा तिथून मिळणार. राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला, त्यात मंडळाची आणि दर व्यवहारामागे शुल्काची हीच तऱ्हा दिसते. केंद्राच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम देण्याची तरतूद आहे. पाठीवर पोतं घेणाऱ्या माणसासाठी काढलेली वही मोबाइलवाल्याला लागू पडते. ब्यूरोच्या मावशींनाही पडली असती.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यातलं अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा होतं आणि मुलाची साडेआठची मीटिंग साडेनऊला सरकते. त्याला काही करावं लागत नाही, कॅलेंडर स्वतःच बदलतं. मावशींची पाळी आठ ते आठच राहते. सकाळची बाई बस चुकल्यामुळे उशिरा पोचली तर त्या नऊपर्यंत थांबतात, आजोबांना चहा पाजतात, बेल वाजली की ‘स्वच्छ’च्या ताईला कचऱ्याचा डबा देतात आणि मग चपला घालतात. आतल्या खोलीत मुलगा झोपलेला असतो. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये लक्ष्मीपूजनाचा चौकोन मोकळा आहे, त्या रात्री त्या इथेच होत्या. भाऊबीजेला त्यांना बीडला भावाकडे जायचं आहे, तसं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. त्या चौकोनात पेन्सिलने फुली मारून झाली आहे.