आपला तो माथेफिरू

22 जुलै 2011 रोजी नॉर्वेत अँडर्स ब्रेविकने 77 माणसं मारली. ख्रिस्ती युरोपचं रक्षण करतोय, असं त्याचं म्हणणं. खटल्यात वाद झाला तो त्याच्या वेडाचा. मानसोपचारतज्ज्ञांचा पहिला अहवाल म्हणाला वेडा आहे, दुसरा म्हणाला नाही. 2012मध्ये कोर्टाने त्याला जबाबदार ठरवून शिक्षा दिली. मला हे पटतं. वेडा म्हटलं की माणूस एकटा पडतो, त्याच्या डोक्यात हे कुठून आलं ते कुणाला विचारावं लागत नाही.

आपल्याकडे त्यासाठी ‘माथेफिरू’ हा शब्द आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 2013मध्ये पुण्यात खून झाला. 2015मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात पहिली अटक सांगलीतून झाली. तेव्हा मी सांगलीत इंजिनिअरिंगला होतो. ‘असतात चार माथेफिरू’ हे वाक्य मेसपासून चहाच्या गाड्यापर्यंत ऐकलं. आरोपी दुसऱ्या धर्माचा असला की मात्र माथेफिरू एकटा नसतो, सगळी वस्तीच त्याच्यामागे उभी दिसते. 2024च्या निकालात दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधार कोण, हे अजून अंधारातच.

आमच्या धंद्यात गैरप्रकार हुडकणाऱ्या प्रणाली असतात. नेहमीचं काय ते आधी त्यांना शिकवायचं, मग वेगळं दिसेल त्यावर त्या बोट ठेवतात. द्वेषच नेहमीचा झाला तर प्रणाली गप्प. कट्टरता रोखण्याच्या सरकारी योजनांचंही असंच होतं. ब्रिटनने 2015मध्ये शाळा-दवाखान्यांवर कुणी दहशतवादाकडे ओढलं जाऊ नये याकडे लक्ष देण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली. नजर मुख्यतः मुसलमान मुलांवर होती. कट्टर उजव्या मुलांच्या नोंदी पुढे त्याहून जास्त निघू लागल्या. आपल्याकडचा उपाय त्याहून ढोबळ. सप्टेंबर 2023मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीत घुसला, एक तरुण मारला गेला, आणि जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं.

मग हे रोखायचं कुणी? घरच्यांनी, असं मला बरेच दिवस वाटायचं. दाभोलकरांनीच साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. व्यसन पोलिसांच्या आधी बायकोला, आईला कळतं. कट्टरताही कळत असणारच: जेवताना बदललेली भाषा, तुटलेला एखादा जुना मित्र. पण ही तुलना एका जागी मोडते. दारुड्यामुळे घराची अब्रू जाते, म्हणून घर धडपडतं. कट्टर मुलामुळे घराला मान मिळतो. त्याने सिगारेट सोडलेली असते, पहाटे उठतो, मंडळात वजन असतं. आई कशाला काळजी करेल?

सांगली जिल्ह्यातला जत तालुका ओलांडला की विजापूर. गौरी लंकेश खून खटल्यातले दोन आरोपी ऑक्टोबर 2024मध्ये जामिनावर तिथे परतले, तेव्हा त्यांना हार घालण्यात आले. खटला अजून संपायचा होता, तरी हार तयार होते. हार घालणाऱ्यांवर कुठला गुन्हा लावणार? लावूही नये, असं मला वाटतं. विचारांवर पोलीस बसवले की ते उद्या दाभोलकरांच्या लोकांवरही बसतात. म्हणजे हा मान काढून घ्यायचं काम उरतं ते त्याच गल्लीतल्या, त्याच जातीधर्माच्या माणसांवर.

पुसेसावळीनंतर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाने हसरा इमोजी टाकला. शिवजयंतीला ढोल वाजवणाऱ्या दुसऱ्या मित्राने खाली लिहिलं, “मेला तो आपल्याच वयाचा होता रे. हसतोस काय?” इमोजी गेला. ढोलवाल्याला त्या वर्षी पथकातून फोन आला नाही.