तळहाताएवढी जमीन

सकाळी सहाला दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात अरबिंदो मार्गाचा आवाज अजून चढलेला नसतो. अशा वेळी क्वार्टरच्या जिन्यावरून खाली या. गाडी रात्रभर उभी आहे, टायर गार आहेत. पुढच्या डाव्या चाकापाशी जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि मांडी घालून बसा. फोन घरीच राहू द्या. आज काही विकत घ्यायचं नाही, काही बदलायचं नाही. एकच प्रश्न मनात धरायचा आहे: या चाकाला रुंद टायर घालायचा, तर तो नेमका कशासाठी?

उत्तर लगेच येईल. पकड वाढते म्हणून. ते उत्तर तसंच बाजूला ठेवा आणि बोटानं टायरवरचे आकडे वाचा. 185/65 आर 15. पैकी 185 ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. बाजूची भिंत त्या रुंदीच्या 65 टक्के उंच, म्हणजे 120 मिलिमीटर. रिमचा व्यास 15 इंच. बोट तसंच पुढे सरकवा. लंबगोल चौकटीत चार आकडे लागतील. 2319 असेल, तर हा टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. रबर वापरानं झिजतं, आणि नुसतं उभं राहूनही वयानं कडक होतं. दिल्लीचे मे-जून त्याला आणखी सुकवतात. नक्षी भरपूर शिल्लक असलेला जुना टायरही वळणावर लवकर सुटतो. पुष्कळदा जे दुखणं आपण रुंदीचं समजतो, ते वयाचं असतं.

आता नजर खाली न्या. टायर जमिनीला टेकतो तिथे.

इथे वेळ काढा, कारण सगळी गोष्ट इथेच घडते. गाडी हजार किलोची धरा. भार सारखा वाटला गेला तर एकेका चाकावर अडीचशे किलो. हवा 32 पौंड. भाराला हवेच्या दाबानं भागा, साधारण 110 चौरस सेंटिमीटर येतात. आपला हात जमिनीवर पालथा ठेवा. तळहात आणि बोटांचं पहिलं पेर, बस, तेवढीच ती जागा. वेग, ब्रेक, वळण, पोटात उठणारा गोळा, सगळं अशा चार तळहातांवर तोललेलं असतं. हात तसाच राहू द्या आणि जमिनीचा खरखरीतपणा जाणवू द्या.

आता मनातल्या मनात तिथे 205 चा टायर बसवा. गाडी तीच, हवाही 32 पौंडच. ही जागा किती वाढली? जवळजवळ काहीच नाही. हवाच भार पेलते आहे, आणि भार बदललेला नाही. टायरच्या भिंतीच्या कडकपणामुळे थोडा फरक पडेल, पण हिशोब मोडणार नाही. बदलला तो आकार. आधी तो ठसा साधारण 15 सेंटिमीटर रुंद आणि साडेसात लांब होता. आता 17 रुंद आणि साडेसहा लांब झाला. जमीन तितकीच मिळाली, फक्त आडवी मिळाली.

या आडवेपणाचं मोल मात्र खरं आहे. गाडी वळते तेव्हा चाकाचं तोंड जिकडे आहे तिकडे ती अगदी नेमकी जात नाही. टेकलेलं रबर पिळवटतं आणि गाडी किंचित बाहेर सरकत वळण घेते. ठसा आखूड आणि रुंद असला की तेवढ्याच वळणाला पीळ कमी लागतो, स्टीअरिंगला उत्तर लवकर मिळतं आणि घर्षणाची उष्णता जास्त रबरावर पसरते. शिवाय मोठा टायर तोच भार कमी हवेवर पेलू शकतो. म्हणून त्यातली हवा चार पौंड उतरवता येते, आणि खरी जमीन वाढते ती तेव्हा. टायरच्या दुकानात हे कुणी क्वचितच सांगतं. रुंदीच्या मागे खरा दाता हवेचा दाब आहे.

डोळे मिटा आणि इथून निघा. डीएनडी पूल, नोएडा, मग यमुना एक्स्प्रेसवे, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. 2011 ते 2013 अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. किलोमीटरभराचा सरळ रस्ता संपवून पुढे गेलं की उजवीकडे वळत जाणारी, चढती, लांबच लांब वाटी लागते. त्या वाटीत स्वतःला बसवा. उजवं वळण आहे, म्हणजे वजन डावीकडे झुकलं. आत्ता ज्याच्याशेजारी बसला आहात तेच पुढचं डावं चाक आता अडीचशे नाही, चारशे किलोच्या आसपास पेलतं आहे. भार वाढतो तशी पकडही वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. ती मागे पडत जाते. वळण संपत नाही, रबर तापत जातं. इथे रुंद टायर हवाच, आणि तो हवासा वाटणं चुकीचं नाही. 2017 मध्ये फॉर्म्युला वननं पुढचे टायर 245 वरून 305 मिलिमीटर केले, मागचे 325 वरून 405, आणि गाड्या वळणांत वेगवान झाल्या.

पण तुमची पुढच्या रविवारची शर्यत त्या डांबरावर आहे का? हौशी माणसाच्या वाट्याला बहुधा मोकळ्या मैदानावरचा ऑटोक्रॉस येतो. खांब रोवलेले, फितीनं आखलेला मार्ग, आणि खाली भुसभुशीत माती. इथे रुंद टायर वरवर तरंगतो. अरुंद टायर वरची सैल माती कापून खालच्या घट्ट थराला जाऊन भिडतो. जागतिक रॅलीत खडीच्या रस्त्यावर डांबरापेक्षा अरुंद टायर लावतात, ते याचसाठी. पावसातही तेच. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर आधी उचलला जातो.

बाकीच्या गोष्टी माहीत असाव्यात, त्यांत गुंतून पडायला नको. 15 इंची रिमवर 205/55 घातला तर चाकाचा व्यास अडीच टक्क्यांच्या आसपास घटतो आणि स्पीडोमीटर खरा राहत नाही. 16 इंची रिमवर 195/55 घातला तर व्यास जवळजवळ तोच राहतो. रिम अरुंद ठेवून टायर रुंद केला की भिंती फुगतात आणि कडा नीट टेकत नाहीत, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचं जातं. पूर्ण स्टीअरिंग फिरवल्यावर टायर आतून घासतो का, तेही पाहायचं. आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडीच्या मूळ बनावटीत मनमानी फेरफार चालणार नाही. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जो टायर देते तिथवरच थांबावं. रोज ऑफिसला न्यायची हीच गाडी आहे, मुलं मागे बसतात ती हीच.

आता पुन्हा हात टायरवर. नक्षीवरून आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं, तर चाक तिरपं घासत चाललं आहे. त्याला अलाइनमेंट हवी, रुंदी नको. बाहेरची कड मधल्यापेक्षा जास्त झिजली असेल तर वळणात टायर स्वतःच्या भिंतीवर लवंडतो आहे. टायरच्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो, तो शोधा.

पुढच्या रविवारी मार्ग मातीचा नसून पक्का असेल, तर खडू न्या. फेरीआधी चारही टायरांच्या खांद्यावर, नक्षीपासून भिंतीपर्यंत, तीन-तीन रेघा ओढा. फेरी मारून आल्यावर खडू कुठवर पुसला गेला ते पाहा. त्रिकोणाच्याही खाली गेला असेल तर हवा दोन पौंड वाढवा. वरच राहिला असेल तर दोन कमी करा. पुन्हा रेघा, पुन्हा फेरी, आणि दर वेळी हवेचा आकडा वहीत. खडू ऐन त्रिकोणाशी थांबला, चारही टायर सारखे तापले आणि तरीही त्या एका वळणावर गाडी बाहेर जातच राहिली, तर 195 च्या टायरचा भाव खुशाल विचारा.